अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या अर्जात खरी आवड कशी व्यक्त करावी

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्या ओळखीच्या विद्यार्थ्यांचे पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबतचे स्वतःविषयीचे निवेदन) मी दरवर्षी पावसाळा सरता सरता वाचते. त्यांतील बहुतेकांत एक वाक्य हमखास सापडते : ‘आपल्या नामांकित प्रोग्राममध्ये शिकण्याची संधी मिळाली, तर मी स्वतःला भाग्यवान समजेन.’ लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण संस्थेचे नाव झाकून हे वाक्य वाचले तर ते कोणत्याही शंभर रुग्णालयांना जसेच्या तसे पाठवता येते आणि म्हणूनच वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. पुढे जे सांगितले आहे, त्यातील प्रत्येक पायरीवर हीच कसोटी लावावी.

प्रोग्रामला, म्हणजे रेसिडेन्सी चालवणाऱ्या रुग्णालयाच्या विभागाला, आपली आवड का जाणून घ्यायची असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. जागा मोजक्या असतात, मुलाखतींची संख्याही मर्यादित असते आणि अर्ज मात्र ढिगाने येतात. २०२० पासून मुलाखती बहुतांशी ऑनलाइन झाल्याने उमेदवाराला विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. त्यामुळे मुलाखतीला आलेला उमेदवार खरोखर यायला तयार आहे की सहज डोकावला आहे, हे निवड समितीला ओळखता येत नाही. आपल्या अर्जाने समितीची ही शंका दूर केली पाहिजे.

पहिली पायरी निवडीची आहे आणि सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या फ्रीडा या सूचीतून आपल्या शाखेचे प्रोग्राम काढावेत आणि मग प्रत्येकाच्या संकेतस्थळावर जाऊन व्हिसा कोणता मिळतो, पदवीनंतर किती वर्षांपर्यंतचे अर्ज घेतले जातात आणि सध्याच्या रेसिडेंटांमध्ये परदेशी पदवीधर किती आहेत, हे पाहावे. ज्या ठिकाणी परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी मिळणारा जे-१ व्हिसाही चालत नाही, तेथे कितीही आवड दाखवली तरी उपयोग नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर यूएसएमएलई या अमेरिकन वैद्यकीय परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा, स्टेप थ्री, उत्तीर्ण असावा लागतो, हेही आधीच हिशेबात धरावे.

यानंतर एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी तीन ओळी लिहाव्यात : येथे येणारे रुग्ण कोण आहेत, शिकवण्याची पद्धत कशी आहे, आणि या दोन्हींचा माझ्या आजवरच्या कामाशी संबंध काय. पहिल्या दोन ओळी संकेतस्थळावरून सापडतात, तिसरी मात्र स्वतःच्या अनुभवातून काढावी लागते. अर्धा तास विचार करूनही तिसरी ओळ रिकामीच राहत असेल, तर त्या प्रोग्रामसाठी पैसे खर्च करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. २०२४-२५ च्या हंगामात इरास या अर्जप्रणालीचे शुल्क एका शाखेतील पहिल्या ३० प्रोग्रामसाठी प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढे प्रत्येकी ३० डॉलर होते. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही.

दुसरी पायरी सिग्नलची. कान-नाक-घसा शाखेने २०२०-२१ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती बहुतेक शाखांत आली. मोजक्या प्रोग्रामना अर्जातूनच ‘मला तुमच्याकडे विशेष रस आहे’ असे कळवण्याची ही अधिकृत सोय आहे. सिग्नलची संख्या शाखेगणिक वेगळी असते : २०२४-२५ मध्ये इंटर्नल मेडिसिनला ३ गोल्ड (सर्वाधिक पसंतीचे) आणि १२ सिल्व्हर (त्याखालच्या पसंतीचे), फॅमिली मेडिसिनला ५, तर ऑर्थोपेडिक्सला ३० सिग्नल होते. हे आकडे बदलतात, त्यामुळे आपल्या वर्षाचे आकडे पाहूनच आखणी करावी. अर्ज दाखल झाल्यावर सिग्नल मागे घेता येत नाही.

येथे आपल्या विद्यार्थ्यांची एक चूक मला फार खटकते. तिन्ही गोल्ड सिग्नल केवळ प्रसिद्ध नावांवर खर्च होतात, आणि ज्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात महिनाभर ऑब्झर्व्हरशिप (डॉक्टरांसोबत राहून काम पाहणे) केली, जिथल्या डॉक्टरांनी शिफारसपत्र दिले, तिथे ‘ते तर मला ओळखतातच’ म्हणून सिग्नल पाठवला जात नाही. बहुतेक शाखांमध्ये, जिथे आपण आधी काम केले आहे त्या प्रोग्रामलाही सिग्नल देणे अपेक्षित असते. तो दिला नाही, तर उमेदवाराला पुन्हा इकडे यायचे नाही, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो.

तिसरी पायरी भौगोलिक पसंतीची. इरासमध्ये अमेरिकेचे नऊ विभाग दिलेले असतात, त्यांतील तीनपर्यंत निवडता येतात आणि प्रत्येकासाठी ३०० अक्षरांत कारण लिहिता येते. निवडलेल्या विभागाची पसंती त्या विभागातील प्रोग्रामनाच दिसते, त्यामुळे न निवडलेल्या विभागाला आपण नाकारले, असे तिकडे कळत नाही. मागे एका विद्यार्थिनीने न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ज्यात येतात, त्या मिडल अटलांटिक विभागासाठी लिहिले होते की, हा भाग सांस्कृतिकदृष्ट्या समृद्ध असून येथे अनेक उत्तम रुग्णालये आहेत. मी तिला विचारले, ‘अगं, पण तिथं तुझं कोण आहे?’ तेव्हा कळले की तिची सख्खी बहीण पाच वर्षांपासून न्यू जर्सीत राहते, तिच्या बाळंतपणात ही तिथे तीन महिने होती आणि त्याच काळात तिने जवळच्या दवाखान्यात मराठी, हिंदी बोलणाऱ्या वृद्ध रुग्णांना औषधांच्या वेळा समजावून सांगण्याचे काम केले होते. हे सगळे अर्जाबाहेरच राहिले होते! आम्ही पहिला मजकूर पूर्ण खोडला आणि बहीण, ते तीन महिने आणि ते वृद्ध रुग्ण एवढेच ३०० अक्षरांत बसवले. मग त्या मजकुरात तिच्याशिवाय दुसरे कोणी दिसू शकत नव्हते.

जिथे आपले कोणीच नाही, तिथे नाते जोडू नये. ग्रामीण इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात मन रमले असेल, तर ग्रामीण भागाची पसंती नोंदवण्याची सोय अर्जात आहे आणि ते कारण पुरेसे सच्चे आहे.

पर्सनल स्टेटमेंटचा मुख्य भाग एकच ठेवावा आणि फक्त सिग्नल दिलेल्या मोजक्या प्रोग्रामसाठी शेवटचा परिच्छेद वेगळा लिहावा. वहीतील तिसरी ओळ येथे उपयोगी पडते. प्रोग्रामच्या संकेतस्थळावरील मजकूर उचलून त्यांनाच परत ऐकवू नये, तर त्यांच्या एखाद्या गोष्टीला आपले काम जोडावे : त्यांचे निर्वासितांसाठीचे क्लिनिक आणि आपण क्षयरोगाच्या वॉर्डात स्थलांतरित मजुरांकडून घेतलेली हिस्टरी, असे काहीतरी. वेगवेगळ्या प्रती केल्या की प्रत्येकीला प्रोग्रामच्या नावाने ओळखता येईल असे शीर्षक द्यावे आणि कोणती प्रत कोणाला जोडली आहे, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. एका रुग्णालयाला दुसऱ्याचे नाव असलेले पत्र गेले, तर सगळे मुसळ केरात.

सप्टेंबरअखेर अर्ज प्रोग्रामच्या हाती पडतात. महिना-दीड महिना उलटूनही उत्तर आले नाही, तर एकदाच आणि छोटा ईमेल पाठवावा. विषयाच्या ओळीत आपला अर्ज क्रमांक द्यावा आणि आत स्टेप टूचा नवा निकाल, प्रकाशित झालेला शोधनिबंध यांसारखी एखादी नवी माहिती द्यावी, शिवाय त्या प्रोग्रामविषयीचे आपले एक नेमके कारण लिहावे. ईमेल पाठवू नयेत असे संकेतस्थळावर म्हटले असेल, तर मुळीच पाठवू नये.

मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ या प्रश्नावर आवड सर्वांत चांगली दिसते. सुट्ट्या किती, हे संकेतस्थळावरच असते. त्याऐवजी रात्रपाळीला पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या पाठीशी कोण असते, किंवा ज्या क्लिनिकविषयी आपण वाचले तिथे एकाच रुग्णाला तीन वर्षे पाहता येते का, असे विचारावे. न्यू यॉर्ककडच्या इस्टर्न वेळेनुसार सकाळी नऊची मुलाखत नोव्हेंबरात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येते, तेव्हा त्या दिवशी ड्यूटी बदलून घ्यावी. दिवसभराच्या ओपीडीनंतरचा थकवा पडद्यावर निरुत्साहासारखा दिसतो.

मुलाखतीनंतर दोन-चार ओळींचे आभारपत्र चालते, मात्र नको म्हटले असेल तर तेही टाळावे. मुलाखती संपल्यावर उमेदवार आणि प्रोग्राम एकमेकांची पसंतीक्रमाची यादी (रँक लिस्ट) देतात आणि संगणक त्यांवरून जागा ठरवतो, यालाच मॅच म्हणतात. ‘मी तुम्हाला पहिल्या क्रमांकावर ठेवणार आहे’ असे पत्र फक्त एकाच प्रोग्रामला आणि तसे खरोखर ठरवले असेल तरच लिहावे. असे आश्वासन कोणावरही बंधनकारक नसते, परंतु तीन ठिकाणी तेच लिहिणे ही सरळ सरळ फसवणूक आहे. मॅच चालवणारी संस्था एनआरएमपी हिच्या नियमांनुसार, आपण कोणाला कोणता क्रमांक देणार, हे विचारण्याचा प्रोग्रामला अधिकार नाही. तसे कोणी विचारलेच, तर अजून यादी पक्की केलेली नाही, असे नम्रपणे सांगावे.

रँक लिस्टमध्ये मात्र अंदाज बांधत बसू नये. १९९८ पासून वापरात असलेली मॅचची गणितपद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, म्हणून मिळण्याची शक्यता कमी असलेला प्रोग्राम वर ठेवल्याने यादीतील खालच्या प्रोग्राममधली संधी कमी होत नाही. जिथे जावेसे वाटते त्याच क्रमाने यादी लावावी आणि ती प्रमाणित करण्यास विसरू नये, कारण प्रमाणित न केलेली यादी मॅचमध्ये धरलीच जात नाही. मुदत संपते ती तिकडच्या इस्टर्न वेळेनुसार रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. हे काम आदल्या दिवशीच उरकावे.