सर्जरीची जागा थोडक्यात का हुकते? पदव्युत्तर प्रवेशाच्या वाटेवरील या चुका टाळा

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात किंवा इंटर्नशिपमध्ये असलेल्या विद्यार्थ्याने ‘मला सर्जन व्हायचे आहे’ असे सांगितले की त्याला पहिले उत्तर बहुधा एकच मिळते: स्पर्धा फार आहे. हे खरेच आहे. नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला दरवर्षी दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात आणि मुंबईतील केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. येथील एम.एस. जनरल सर्जरीच्या जागा त्या मानाने अगदी मोजक्या असतात. परंतु जागा हुकलेल्या विद्यार्थ्यांशी शांतपणे बोलल्यावर असे दिसते की त्यांतील अनेकांचा अभ्यास कमी पडलेला नसतो. कोणाचा सल्ला चुकलेला असतो, कोणाचा कागद, तर कोणाचा पसंतीक्रम. या चुका टाळता येण्यासारख्या आहेत आणि म्हणूनच त्यांच्यामुळे जागा जाते तेव्हा अधिक वाईट वाटते.

परदेशातील सल्ला इथे लावणे

इंटरनेटवर सर्जरीच्या प्रवेशाविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातील बराचसा भाग अमेरिका किंवा ब्रिटनमधील पद्धतीविषयी असतो. अमेरिकेत 26 जानेवारी 2022 पासून डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतील ‘स्टेप 1’ या टप्प्याचे गुण बंद होऊन केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल दिला जाऊ लागला. परिणामी तेथे ‘स्टेप 2’चे गुण, शिफारसपत्रे, संशोधन आणि मुलाखत यांना अधिक महत्त्व आले. आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशासाठी मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही आणि शोधनिबंधाला एकही गुण नाही. नीट पीजीतील क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग आणि भरलेला पसंतीक्रम यांवरच सगळे ठरते. संशोधनाची आवड असेल तर ते जरूर करावे, परंतु ‘प्रोफाइल मजबूत होईल’ या समजुतीने इंटर्नशिपचे चार महिने एखाद्या केस रिपोर्टमागे घालवणारा विद्यार्थी आपल्या क्रमांकाचेच नुकसान करत असतो.

‘क्वालिफाय झालो’ म्हणजे सर्जरी मिळाली असे समजणे

खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची मूळ अट 50 पर्सेंटाइल आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गासाठी 40 पर्सेंटाइल अशी आहे. रिक्त जागा भरण्यासाठी ही अट अनेकदा शिथिल केली जाते आणि 2023 मध्ये तर ती शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली होती. मात्र अशा वेळी शिल्लक राहणाऱ्या जागा प्रामुख्याने शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या विषयांच्या असतात. घरच्यांना हा फरक आधीच समजावून सांगावा, म्हणजे निकालाच्या दिवशी पेढे आणि समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, दिवशी रडारड असा प्रकार होत नाही.

सर्जरीसाठी फक्त सर्जरीच वाचणे

ज्याला शस्त्रक्रियेची ओढ आहे, तो स्वाभाविकपणे त्याच विषयात रमतो. परंतु नीट पीजीचा क्रमांक एमबीबीएसच्या सर्व 19 विषयांवर ठरतो. सामाजिक वैद्यकशास्त्र, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र यांत हातचे गुण सोडणाऱ्याला सर्जरीतील प्रावीण्य वर काढू शकत नाही. शिवाय इंटर्नशिप ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण होणे ही पात्रतेची अट आहे. 2025 च्या परीक्षेसाठी ती तारीख 31 जुलै होती. आजारपण किंवा रजा यांमुळे इंटर्नशिप लांबणार असेल, तर परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच महाविद्यालयाकडून दिवसांचा लेखी हिशेब घ्यावा.

परीक्षागृहातील भीती

परीक्षेत 200 प्रश्न आणि 800 गुण असतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा होतो. 2024 पासून प्रश्नपत्रिकेचे 40 प्रश्नांचा एक असे पाच भाग केलेले आहेत, प्रत्येक भागाला 42 मिनिटे मिळतात आणि एकदा भाग संपला की मागे जाता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 63 सेकंद. पूर्वी अवघड प्रश्न शेवटी पाहू असे म्हणता येत असे. आता ते ‘शेवटी’ त्याच 42 मिनिटांत येते आणि जुन्या सवयीने सराव केलेला विद्यार्थी पहिल्याच भागात अडकून बसतो. सरावपरीक्षाही याच विभागणीने द्याव्यात.

वजा गुणांच्या भीतीने वीस-पंचवीस प्रश्न कोरे सोडणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे. चार पर्यायांच्या चार प्रश्नांना निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली आणि त्यांतले एक बरोबर आले, तर 4 गुण मिळून 3 वजा होतात, म्हणजे 1 गुण हाती उरतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर दर प्रश्नामागे सरासरी दीड गुणाचा लाभ आहे. एम्स आणि तत्सम संस्थांच्या आयएनआय-सीईटी या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश वजा होत असल्याने तेथे निव्वळ अंदाजातून सरासरी काहीच हाती लागत नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवून प्रत्येकीसाठी आपले धोरण वेगळे ठरवावे.

प्रमाणपत्रांकडे उशिरा वळणे

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे सर्वांत अनावश्यक नुकसान इथे होते. सरकारी महाविद्यालयांतील 50 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते आणि उरलेल्या जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. या दोन ठिकाणचे आरक्षण सारखे नाही. केंद्रात अनुसूचित जातींना 15 टक्के, अनुसूचित जमातींना 7.5 टक्के, इतर मागासवर्गाला 27 टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के जागा आहेत. राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे स्वतंत्र प्रवर्ग तेथे नाहीत, तसेच 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षणही लागू नाही. मात्र राज्यात भटक्या किंवा विमुक्त प्रवर्गात मोडणाऱ्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. ती यादी न पाहता कित्येक विद्यार्थी अखिल भारतीय कोट्यात खुल्या प्रवर्गातून अर्ज करतात आणि हक्काची जागा सोडून देतात. केंद्रासाठी केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र लागते, तर राज्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. तहसील कार्यालयातील आणि पडताळणी समितीतील वेळ धरता हे काम इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच हाती घ्यावे.

एमबीबीएस राज्याबाहेर केलेल्या मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी असा निर्णय दिला की पदव्युत्तर वैद्यकीय जागा केवळ रहिवासाच्या आधारे राखून ठेवता येणार नाहीत, मात्र संस्थात्मक प्राधान्य, म्हणजे त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना झुकते माप, वाजवी मर्यादेत देता येईल. ‘मी जन्मापासून दादरचा’ एवढ्या आधारावर राज्य कोट्याची आशा धरण्यापूर्वी त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतील पात्रतेचे कलम शब्दशः वाचावे.

पसंतीक्रम मागील वर्षाच्या आकड्यांवरून लावणे

या चुकीवर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण हुशार विद्यार्थीही ती करतात. ‘माझ्या क्रमांकाला केईएम येणार नाही, मग ते वर टाकून पसंती वाया का घालवू?’ असा त्यांचा विचार असतो. जागावाटपाची पद्धत तशी नाही. संगणक उमेदवारांना क्रमांकानुसार घेतो आणि प्रत्येकाच्या यादीत वरून खाली जात जी पहिली उपलब्ध जागा सापडेल ती देतो. वर टाकलेली मोठी पसंती मिळाली नाही, तरी खालच्या पसंतीवरील आपला हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादी आपल्या खऱ्या आवडीनुसार लावावी. मागील आकड्यांचा उपयोग यादी कुठवर लांबवायची हे ठरवण्यापुरताच करावा. ते आकडे पाहतानाही गुणांची तुलना करू नये, कारण प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी दरवर्षी बदलते. अखिल भारतीय क्रमांक पाहावा आणि तो कोणत्या कोट्यातील, कोणत्या प्रवर्गातील व कोणत्या फेरीतील आहे हे नीट वाचावे. राज्याच्या गुणवत्ता यादीतील अनुक्रमांक अखिल भारतीय क्रमांक समजून चुकीचे निष्कर्ष काढणारेही काही कमी नाहीत.

नंतरच्या फेऱ्यांत मात्र हाच नियम उलटा अंगावर येऊ शकतो. हाती असलेली जागा कायम ठेवून श्रेणीवाढीचा, म्हणजे अधिक पसंतीची जागा मागण्याचा, पर्याय दिला आणि यादीतील दुसरी जागा मिळाली, तर पहिली जागा आपोआप रद्द होते. एखाद्याच्या हाती सायनची जनरल सर्जरी आहे आणि त्याने गेल्या फेरीची संपूर्ण यादी तशीच पुन्हा भरली, तर त्याला नकोशी असलेली जागा मिळून सायन कायमचे जाऊ शकते. हातच्या जागेपेक्षा जे निश्चितपणे अधिक हवे आहे, तेवढेच पुढच्या फेरीत लिहावे. अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीतून विनाशुल्क बाहेर पडता येते, परंतु दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारल्यास अनामत रक्कम जप्त होते आणि तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतल्यावर राजीनामा देता येत नाही. राज्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रक यासोबतच चालू असते, त्यामुळे दोन्ही वेळापत्रके समोर ठेवूनच प्रत्येक निर्णय घ्यावा.

मुंबईबाहेर पाऊल न टाकण्याचा हट्ट

मुंबईत वाढलेल्या आणि इथेच शिकलेल्या विद्यार्थ्यांची यादी बहुधा परळ ते जुहूपर्यंत जाऊन थांबते आणि तिथे काही न मिळाल्यास ते वर्ष सोडतात. माझे मत स्पष्ट आहे: मिरज किंवा अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयातील जनरल सर्जरी मिळत असताना केवळ शहरासाठी एक वर्ष घालवणे योग्य नाही. अशा ठिकाणी निवासी डॉक्टरांची संख्या बेताची आणि रुग्णांची गर्दी मोठी असल्याने अपेंडिक्स, हर्निया, आतड्याला पडलेले छिद्र अशा शस्त्रक्रिया स्वतः करण्याची संधी लवकर मिळू शकते. खासगी रुग्णालयांतील डीएनबी या एम.एस.ला समकक्ष पदवीच्या जागाही अनेकजण पाहतच नाहीत. त्या एमसीसीच्या समुपदेशनातूनच भरल्या जातात. प्लास्टिक, न्यूरो, बालशल्य किंवा हृदयशल्य यांपैकी एक शाखा ज्याने मनाशी पक्की केली आहे, त्याला एमबीबीएसनंतर त्या विशेष शाखेचा थेट सहा वर्षांचा डीआरएनबी अभ्यासक्रमही नीट पीजीच्याच क्रमांकावर मिळू शकतो. डीएनबी मध्येच सोडल्यास मात्र त्या अभ्यासक्रमाची मुदत संपेपर्यंत तो चालवणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही, हे लक्षात घेऊनच रुजू व्हावे.

काम न पाहता शाखा निवडणे

इतक्या कष्टाने मिळालेली जागा काही महिन्यांत सोडणारे प्रथम वर्षाचे निवासी डॉक्टर दरवर्षी दिसतात. त्यांना दोष देण्यापेक्षा इंटर्नशिपमध्ये त्यांनी काय पाहिले होते हे विचारावे. बहुतेकांनी सर्जरीच्या पोस्टिंगमधील इमर्जन्सीचे दिवस अभ्यासासाठी चुकवलेले असतात. प्रथम वर्षाचा बराचसा काळ ड्रेसिंग, रक्ताची मागणी, रिपोर्टचा पाठपुरावा आणि नातेवाइकांशी बोलणे यांतच जातो. टेबलावर मुख्य हात म्हणून उभे राहण्याची वेळ नंतर येते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी एखाद्या युनिटचा इमर्जन्सी दिवस सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या राउंडपर्यंत पूर्ण पाहावा. ज्या रुग्णालयाचे नाव यादीत लिहायचे आहे, तेथील द्वितीय वर्षाच्या निवासी डॉक्टरला थेट विचारावे की आजवर किती हर्निया आणि अपेंडिक्स स्वतः केले, लॅप्रोस्कोपीत कॅमेरा धरण्यापलीकडे काय करू दिले जाते, आठवड्याची सुट्टी प्रत्यक्षात मिळते का आणि प्रबंधाच्या मार्गदर्शकाला वेळ असतो का. हे प्रश्न निकाल लागण्यापूर्वीच विचारावेत, कारण समुपदेशन सुरू झाल्यावर पसंती भरण्यासाठी मोजकेच दिवस हाती असतात.