पाच हंगामांच्या संघबांधणीपूर्वी करावयाची तयारी

फुटबॉल संघ नव्याने उभारायचा असे कोल्हापुरातल्या पेठेच्या तालमीच्या, म्हणजे स्वतःचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या आखाड्याच्या, बैठकीत ठरले की चर्चा हमखास बाहेरून कोणता स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) आणायचा यावर येऊन थांबते. पाच हंगामांचा विचार खरोखरच करायचा असेल, तर त्या चर्चेआधी एक दोनशे पानी वही आणावी आणि प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख, खेळण्याची जागा, शिक्षण किंवा नोकरी आणि जुन्या दुखापती तिच्यात लिहून घ्याव्यात. जन्मतारीख जन्मदाखला पाहूनच लिहावी, खेळाडूच्या किंवा त्याच्या मित्रांच्या सांगण्यावरून लिहू नये. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय पडताळले जाते आणि तिथे पेठेची भीड चालत नाही.

वयाचा रकाना भरून झाल्यावर तो जागेनुसार पुन्हा वाचावा, कारण संघाचे खरे दुखणे तिथेच दिसते. माझ्याकडच्या एका जुन्या वहीत बचावफळीतील चारही नावांपुढे २९ ते ३२ अशी वये आहेत. त्या वर्षी संघ जिंकत होता, म्हणून त्या पानाकडे मीही लक्ष दिले नाही. पुढच्या दोन हंगामांत एकाचा गुडघा गेला, दोघे नोकरीसाठी पुण्याला गेले, आणि राहिलेला सेंटर बॅक (मधला बचावपटू) प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमध्ये पकडण्यासाठी हात वर करून ओरडत राहिला तरी त्याच्या शेजारचे नवखे बचावपटू त्याच्याबरोबर पुढे सरकेनात. एका फळीतील सगळे एकाच वयाचे असतील तर ती फळी एकाच वेळी रिकामी होते, हे तेव्हा कळले. म्हणून प्रत्येक जागेपुढे तीन नावे असावीत: आज खेळणारा, दोन वर्षांत त्याची जागा घेऊ शकेल असा, आणि सध्या आठवी-नववीत असलेला एखादा मुलगा. तिसऱ्या रकान्यात नाव सुचत नसेल तर तो रिकामा ठेवावा. भिडेखातर कुणाच्या पुतण्याचे नाव घालू नये. लेफ्ट बॅकचा, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूचा, रकाना बहुधा रिकामाच राहतो, कारण डाव्या पायाची मुले मुळातच कमी असतात, आणि ती शालेय स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांना स्वतः जाऊन बसल्याशिवाय सापडत नाहीत. गोलरक्षकाच्या बाबतीत मात्र घाई नको. इटलीचा दिनो झॉफ १९८२ मध्ये चाळिसाव्या वर्षी विश्वविजेता कर्णधार झाला होता. आपला गोलरक्षक पस्तिशीचा असला तरी चालेल, फक्त त्याच्याबरोबर रोज सराव करणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आजपासूनच मैदानावर हवा.

बाहेरच्या खेळाडूंना माझा विरोध नाही. स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब केवळ बास्क प्रदेशाशी नाते असलेल्या खेळाडूंनाच घेतो आणि तरीही तो पहिल्या श्रेणीतून कधी खाली घसरलेला नाही, हे उदाहरण आपल्या पेठेला फार आवडते. पण त्यांच्यामागे अख्खा प्रदेश आहे आणि आपल्यामागे चार गल्ल्या. तेव्हा परगावचा किंवा परदेशी खेळाडू जरूर आणावा, मात्र तो कोणत्या रिकाम्या रकान्यासाठी येतो आणि त्याच्याजवळ उभे राहून कोणता स्थानिक मुलगा शिकणार आहे, हे मानधन ठरवण्याआधी वहीत लिहिलेले असावे. वर्गणीचा मोठा वाटा एका हंगामाच्या पाहुण्यावर गेला की मुलांच्या बुटांना आणि फिजिओथेरपीला पैसे उरत नाहीत, आणि एसीएल (गुडघ्यातील अस्थिबंध) फाटलेला मुलगा योग्य व्यायामाअभावी नऊ महिन्यांऐवजी कायमचाच घरी बसतो.

चांगली मुले जाणार, हेही तयारीत धरावे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत (शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण संस्थेत) दाखल झाला होता, आणि अशा मुलाला जर्सीच्या अभिमानापोटी अडवून धरणे हा त्याच्यावर अन्याय आहे. एका जागेसाठी दोन मुले घडवलेली असतील तर एक गेल्याने संघ लंगडा होत नाही.

प्रशिक्षक निदान तीन वर्षांसाठी ठरवावा, शक्यतो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना घेतलेला, आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरल्याच्या रात्री त्याला काढण्याची चर्चा होणार नाही असे कार्यकारिणीकडून लेखी घ्यावे. हे हास्यास्पद वाटेल, पण मी दोन वेळा तशा बैठकीत बसलो आहे. लहान गटांपासून वरिष्ठ संघापर्यंत खेळाची पद्धत एकच असावी, म्हणजे वर आलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही.

वेळापत्रक दहावी-बारावीच्या परीक्षा बघून आखावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम रंगात असतो आणि नेमकी तेव्हाच ही मुले मिळत नाहीत, म्हणून त्या सामन्यांसाठी दुसऱ्या रकान्यातील नावे आधीच तयार ठेवावीत. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला तरी तालमीची माती कोरडी असते; ते चार महिने जोर-बैठका, दोरउड्या आणि दुखापतींच्या उपचारांसाठी राखून ठेवावेत. वहीचे वयाचे पान मात्र मेअखेरीपर्यंत भरून झालेले असावे, कारण एकदा पाऊस लागला की मुले मैदानावर येत नाहीत आणि दाखल्यांसाठी दारोदार फिरावे लागते.