मृगाआधी उरकून घ्या: रिमला घट्ट चिकटलेले टायर घरी कसे उतरवावे

मे महिन्यात नांगरट-वखरणी झाली की ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर थोडे दिवस मोकळे असतात. टायर-ट्यूबचे अडलेले काम काढायला हाच वेळ. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागला, पेरणी आणि चिखलणी एकदम अंगावर आली, की पंक्चरच्या दुकानासमोर चाकांची रांग लागते आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही.

हा सल्ला लहान चाकांपुरता आहे. मिनी ट्रॅक्टरची पुढची चाके (5.20-14), मोठ्या ट्रॅक्टरची पुढची चाके (6.00-16) आणि पॉवर टिलरची चाके (6.00-12), तीही ट्यूबची आणि एकसंध रिमची. दोन कामे घरी करायचीच नाहीत. एक, मागचे मोठे चाक, विशेषतः त्यात पाणी भरलेले असेल तर. ते एकदा कलंडले की दोघा-तिघांनाही आवरत नाही. दुसरे, ट्रॉलीला ट्रकची जुनी चाके बसवलेली असतील आणि रिमवर वेगळी लोखंडी लॉक रिंग असेल तर. ही रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना गोळीसारखी उडते. ते चाक जाळीच्या पिंजऱ्यात हवा भरणाऱ्या दुकानातच द्या.

टायर चिकटतो कशामुळे? टायरच्या कडेत पोलादी तारांचा वेढा असतो. ही कड रिमच्या किंचित उताराच्या पट्टीवर पाचरीसारखी घट्ट बसते. त्या फटीत चिखल, शेणखत आणि रासायनिक खताचे खारट पाणी जाते, रंग सुटतो आणि गंज धरतो. गंजाचे पापुद्रे मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतात, म्हणून कड आणखी आवळली जाते. चार-पाच वर्षे न उघडलेले चाक नुसत्या लिव्हरने (टायर काढायच्या चपट्या लोखंडी पट्टीने) सुटत नाही ते यामुळेच. अशा वेळी घण चालवला की कडेतली तार वाकते किंवा रिमचा ओठ, म्हणजे बाहेरचा उभा काठ, दुमडतो, आणि मग नवीन टायर घालूनही तो नीट बसत नाही.

आधी चाक उतरवा. कडक, सपाट जमिनीवर हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, नंतर अ‍ॅक्सलखाली जॅक लावा आणि शेजारी लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हात घालू नका. चाक हाती आले की व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा. हवेचा आवाज थांबला म्हणजे हवा संपली असे धरू नका. व्हॉल्व्हमध्ये चिखल अडकलेला असू शकतो, म्हणून बारीक तार घालून खात्री करा. बऱ्याच टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पॉवर टिलरच्या टायरला तर तो महत्त्वाचाच, कारण नक्षी उलटी बसली की चिखलात पकड जाते. बाण कोणत्या बाजूला होता आणि व्हॉल्व्ह कुठे होता, ते खडूने लिहून ठेवा.

आता भिजवणे. इथे घाई केली की पुढचे सगळे काम दुप्पट होते. तारेच्या ब्रशने रिमच्या ओठालगतचा चिखल आणि सुटा गंज काढा. भांडी घासायचा पातळ साबण एक भाग आणि पाणी आठ-दहा भाग असे मिश्रण करा. चाक आडवे ठेवून ते कडेच्या फटीत ओता, अर्ध्या तासाने पुन्हा ओता, मग उलटवून दुसऱ्या बाजूला तेच करा. फारच जाम असेल तर रात्रभर ओले पोते झाकून ठेवा. डिझेल, रॉकेल, जळके ऑइल किंवा ग्रीस मात्र वापरू नका. लोक सर्रास वापरतात, टायर निघतोही, पण रबर फुगते. शिवाय तेलकट कड नंतर रिमवर घसरते. चिखलणीत जोर पडला की टायर आणि त्यासोबत ट्यूब रिमवर फिरते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो.

गॅस कटर किंवा वेल्डिंगने रिम तापवून कड सोडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पिन काढलेली असली तरीही नाही. तापलेल्या रबरातून पेटणारा वायू निघतो, तो आत कोंडतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

कड फोडायला वजन लागते आणि ते योग्य जागी लागते. चार चाकी ट्रॉलीच्या किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरच्या भक्कम चॅसीखाली चाक आडवे सरकवा. ज्या ट्रॅक्टरचे चाक काढले आहे आणि जो ठोकळ्यांवर उभा आहे, त्याखाली हा उद्योग नको. टायरच्या बाजूवर, रिमच्या ओठापासून बोटभर अंतरावर, चार इंच रुंदीचा लाकडी ठोकळा ठेवा. त्यावर बाटली जॅक उभा करून चॅसीला टेकवा. अंतर जास्त असेल तर वर आणखी ठोकळा घाला, पण जॅक अगदी सरळ उभा राहिला पाहिजे. आता हळूहळू पंप मारा. ठोकळा रिमपासून लांब असेल तर टायरची बाजू नुसती दबते आणि कड जागची हलत नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. कड सुटताना ‘कट्ट’ असा आवाज येतो. तेवढ्या भागात साबणपाणी ओता, चाक वीतभर फिरवा आणि पुन्हा दाबा. पूर्ण वर्तुळ झाले की चाक उलटवून दुसरी कड फोडा. पंप मारताना तोंड जॅकच्या रेषेत नको, कारण ठोकळा निसटला तर जोरात उडतो.

ट्रॅक्टरच्या लिफ्टने कड दाबता येईल असे वाटते, पण बहुतेक ट्रॅक्टरची लिफ्ट जोराने फक्त वर उचलते. खाली येते ती अवजाराच्या वजनाने. त्यामुळे तो खटाटोप फुकट जातो. टायरवरून ट्रॅक्टरचे चाक चढवणे याहून वाईट. कड कधी सुटते, पण रिम वाकते आणि टायरच्या बाजूतले धागे तुटतात.

दोन्ही कडा मोकळ्या झाल्या म्हणजे काम अर्धे झाले. पुढे बहुतेक जण ताकदीवर अडतात. कडेतली तार ताणली जात नाही, कितीही जोर लावा. म्हणून रिमच्या मध्ये खोलगट भाग ठेवलेला असतो. एका बाजूची कड त्या खोलगटात ढकलली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि तेवढ्यावरच टायर रिमच्या ओठावरून बाहेर येतो. हा खोलगट भाग बहुधा रिमच्या एका बाजूला जास्त जवळ असतो. ती बाजू वर करून टायर काढा. उलट बाजूने काढायला गेलात तर घाम निघेल, टायर नाही.

लिव्हर व्हॉल्व्हजवळून घाला. व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबमुळे कड खोलगटात उतरत नाही, म्हणून खोलगटात उतरवायची ती समोरची बाजू. तिथे दोन्ही गुडघे टेकून कड खाली दाबून धरा. गोल टोकाच्या, दीड-दोन फुटी दोन लिव्हर तीन-चार बोटांच्या अंतराने घाला, एक धरून ठेवा आणि दुसरीने थोडी थोडी कड बाहेर काढा. एकदम वीतभर घ्यायला गेलात तर ट्यूब चिमटते. लिव्हरला पाइप जोडून जोर लावायची वेळ आली तर थांबा: समोरची कड खोलगटातून वर आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती पुन्हा दाबा. पहिली कड पूर्ण निघाल्यावर व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब काढा. मग चाक उभे करा आणि दुसरी कड त्याच बाजूने बाहेर घ्या.

टायरच्या आत हात फिरवण्याआधी जाड फडके फिरवा. बाभळीचा काटा, तुरीचे किंवा पऱ्हाटीचे टोकदार खुंट आत रुतलेले असतात आणि नवीन ट्यूबही तेच फोडतात. रिमचा गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा हात द्या, वरून रंग लावा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. जोडाजवळ चीर असेल किंवा गंजाने पट्टीला खोल खड्डे पडले असतील तर रिम बदला. वेल्डिंगने भागवू नका.

बसवताना ट्यूबला शंखजिरे चोळा आणि ती गोल होईल इतकीच हवा भरा. कडांना साबणपाणी लावा आणि शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी येईल असे बसवा. हवा भरताना लांब पाइप आणि चिमट्याचे नोझल वापरा, टायरच्या बाजूसमोर उभे राहू नका. कड बसवण्यासाठी 35 पीएसआयच्या वर जाऊ नका. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडा, साबणपाणी लावा, पुन्हा भरा. कडेजवळची बारीक उंच रेष रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे कड बसली. मग एकदा सगळी हवा सोडून पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबची घडी निघते. शेवटी मॅन्युअलमधल्या दाबावर आणा.

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि दोन-तीन तास काम झाल्यावर पुन्हा आवळा, नव्या रंगामुळे ते हमखास सैल होतात. व्हॉल्व्हजवळ टायर आणि रिम दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. चिखलणीत ती तुटलेली दिसली तर टायर रिमवर फिरतो आहे. व्हॉल्व्ह तिरका व्हायच्या आत हवेचा दाब तपासा.