ऊसतोड सुरू झाली, खुराड्याची फट बुजवा

दिवाळी सरली की निफाड-सिन्नरकडे उसाला कोयता लागतो. फड मोकळे झाले की त्यात दडलेल्या रानमांजर, कोल्हा, बिबट्याचा आडोसा जातो आणि ती जनावरं वस्तीच्या कडेला सरकतात. हिवाळ्यातच घारींची घरटी लागतात, त्यांनाही पिल्लं भरवायची असतात. परसातल्या मोकळ्या कोंबड्यांना इथून चार महिने जड.

जाळी आणायला धावण्याआधी चोर कोण ते बघा. पाच-सात कोंबड्या मारून तिथंच टाकल्यात? बहुतेक मोकाट कुत्री. मान-डोकं तेवढं चावलेलं, तेही दिवसाउजेडी, तर मुंगूस. एकच कोंबडी नेली आणि कुंपणापाशी चार पिसं पडलीत, तर रानमांजर नाहीतर कोल्हा. अंडी टरफलासकट गायब असतील तर साप. कोपऱ्यात ताज्या मातीचा ढीग आणि पिल्लं कमी, तर घूस.

मुंगसाचं लोक विसरतात. रात्री दार लावलं की काम झालं असं वाटतं, पण ते फिरतं दिवसा. दोन वर्षांपूर्वी मी खुराड्याला नवीकोरी जाळी लावली होती. दार जमिनीला घासतं म्हणून खालची फळी मात्र मीच चार बोटं कापली. भर दुपारी मुंगूस तिथूनच आत शिरलं. अंड्यावर बसलेली खुडूक गेली, अकरा अंडीही गेली.

तेव्हापासून मी हे करतो: अंधार पडल्यावर एकाला बॅटरी घेऊन खुराड्यात बसवायचं, दार लावून घ्यायचं आणि आपण बाहेरून फेरी मारायची. जिथून उजेडाची तिरीप येते तिथं खडूने खूण करायची. सकाळी त्या खुणा पत्र्याने किंवा सिमेंटने बुजवायच्या. छपराची पन्हळ भिंतीवर टेकते तिथल्या फटी हमखास सापडतात.

षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालचे दोन-तीन फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी घराची कडक जाळी, लावा. तिचा फूट-दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि तिथं त्याच्या नखाला तार लागते. दाराला नुसती कडी नको, खालीवर दोन आडणे हवेत.

घारीसाठी द्राक्षबागेवरची जुनी पक्षीजाळी चालते. मांडवाची तार ताणून ती डोक्याच्या उंचीवर बांधा. जमिनीवर लोळू देऊ नका, तिच्यात साप अडकून मरतात. पिल्लं महिना-दीड महिन्याची होईपर्यंत झापाखाली किंवा जाळीतच ठेवा. मोठ्यांसाठी अंगणात पऱ्हाटीचा ढीग किंवा उलटी टाकलेली बाज असू द्या. घारीची सावली पडली की कोंबड्या तिथं घुसतात.

थंडीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेपाचलाच रोजची हाक देऊन मूठभर बाजरी खुराड्यातच टाका, आठवड्यात सवय लागते. मग मोजा. एखादी आंब्यावर चढून बसलीच तर उतरवा. रानमांजराला झाड नवं नाही.

मेलेली कोंबडी आणि कापलेल्याची घाण उसाच्या बांधावर फेकू नका, खोल पुरा. त्या वासावर कुत्री जमतात आणि कुत्र्यामागे बिबट्या येतो. नवं खुराडं बांधायचं असेल तर ते उसाच्या अंगाला नको, घराला चिकटून बांधा. रात्री कोंबड्यांनी कालवा केला तर एकट्याने धावत बाहेर जायचं नाही. आधी दिवा लावा, आरडाओरडा करा, मग दोघं-तिघं मिळून काठी घेऊन निघा. वाकून किंवा बसून शोधू नका, बिबट्याला बसलेला माणूस लहान जनावरासारखा दिसतो.

विषाचं मटण, फासे, तारेत सोडलेला करंट यांतलं काहीही करू नका. मुंगूस आणि बिबट्या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि करंटच्या तारेला पहिला हात बहुधा घरातल्या माणसाचाच लागतो. बिबट्या दिसला किंवा ओल्या मातीत ठसे सापडले तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. माणसं येईपर्यंत ठशांवर घमेलं पालथं घालून ठेवा.