पहिलं महायुद्ध कसं पेटलं हे समजायचं असेल तर जुलैचं पान काढा

इकडे नागपुरात एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना विचारलं की एकच उत्तर येते, बोस्नियातल्या साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी घातली म्हणून युद्ध झालं. सगळे तेवढंच पाठ करून राहिले. अरे खून झाला 28 जून 1914 ला आणि इंग्लंड युद्धात उतरलं 4 ऑगस्टला, मधल्या 37 दिवसांत काय झालं ते काहून कोणी विचारत नाही?

आधी देशांचे गट लिहून टाका, पाच मिनिटं पुरे. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली 1882 पासून एकत्र. फ्रान्स-रशिया 1894. इंग्लंडची फ्रान्सशी समजूत 1904, रशियाशी 1907. 1908 खाली मात्र जाड रेघ मारा, ऑस्ट्रियानं बोस्निया गिळला आणि रशियाला मुकाट्यानं पाहत बसावं लागलं, तो अपमान त्यांच्या मनातून गेलाच नाही.

आता कॅलेंडरसारखे चौकोन आखा, ज्या दिवशी जे घडलं ते त्यात लिहा आणि बाजूला एकच प्रश्न, आज थांबता आलं असतं का? 5 जुलै, जर्मनीनं ऑस्ट्रियाला सांगितलं काहीही करा आम्ही पाठीशी आहोत. 23 ला ऑस्ट्रियानं खुनाचा ठपका सर्बियावर ठेवून अटी धाडल्या, 48 तासांची मुदत. 25 ला सर्बियानं बहुतेक अटी मान्य केल्या. 28 च्या चौकोनावर मी दरवेळी अडकतो, कैसरनं, म्हणजे जर्मनीच्या सम्राटानं, ते उत्तर वाचून लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियानं युद्ध जाहीर केलं!

30 जुलैपासून लाल पेन घ्या. सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियानं सगळं सैन्य जमवायचा हुकूम काढला, इथून पुढे मंत्र्यांपेक्षा रेल्वेचं टाइमटेबल मोठं झालं. आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर एक गाडी अडकली तर मागं किती गाड्या खोळंबतात ते डोळ्यापुढे आणा, तिथं तर लाखो सैनिक डब्यांत बसवायचे होते. जर्मनीचा प्लॅन असा की रशिया तयार व्हायच्या आत बेल्जियममधून घुसून फ्रान्सला पाडायचं. 1 ऑगस्टला कैसर म्हणाला सैन्य सगळं पूर्वेला रशियाकडे वळवा, सेनापती मोल्टके म्हणाला जमत नाही, वर्षभर खपून बसवलेलं गणित मोडलं तर हाती सैन्य नाही नुसता गोंधळलेला जमाव राहील.

4 तारखेला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये, आणि त्या देशाच्या तटस्थतेची हमी इंग्लंडनं 1839 मध्येच दिलेली. हा चौकोन भरून झाला की मग पुस्तकातला कारणांचा धडा उघडा, त्याआधी नको.