‘कोणती लेन्स घेऊ?’ विचारण्याआधी या चुका टाळा

‘दादा, किट लेन्सचा कंटाळा आला, आता कोणती घेऊ?’ नव्या मुलांचा फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो. (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली.) बजेट सांगतात, बॉडीचं, म्हणजे कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतात, कुणाच्या तरी इन्स्टाग्रामचे स्क्रीनशॉट पाठवतात. पण फोटो कसले काढतोस आणि काढताना समोरच्यापासून किती लांब उभा असतोस, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. लेन्स ठरते ती या दोन गोष्टींवर. शार्पनेस, ब्लर, किंमत या गोष्टी त्यानंतरच्या. लग्नं आणि कार्यक्रम शूट करताना, आणि शिकवतानाही, त्याच त्या चुका सारख्या समोर येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

जागा न बघता ८५ घेणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. कुठेतरी एक पोर्ट्रेट बघितलेलं असतं, मागचं सगळं विरघळलेलं, चेहरा उठून आलेला. खाली लिहिलेलं असतं ८५ मिमी, एफ/१.८. पहिला आकडा फोकल लेन्थचा, तो जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं; दुसरा अॅपर्चरचा, तो जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं. पैसे जमतात, लेन्स येते. लेन्स उत्तमच असते, त्याबद्दल वाद नाही. पण हातातली बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरची असते. निकॉन किंवा सोनीच्या क्रॉपवर ८५ मधून दिसतं ते फुल फ्रेमवरच्या १२७ मिमीएवढं, आणि कॅननच्या क्रॉपवर १३६ एवढं. उभ्या फ्रेममध्ये एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा, तर सुमारे ७ मीटर मागे जावं लागतं. फ्रेम आडवी धरली तर ११ मीटर. आपल्या घरातल्या कोणत्या खोलीत एवढी जागा आहे, ते जरा मोजून बघा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने पहिलं स्वतंत्र लग्न घेतलं. पेठेतलं जुनं कार्यालय, हॉल पहिल्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना खांब. या पठ्ठ्याने ८५ घ्यायला पैसे कमी पडत होते म्हणून किट लेन्स विकून टाकलेली, आणि मला सांगितलेलं नाही. सकाळी हळद मागच्या अंगणात होती. तिथे उजेड छान, जागा मोकळी, फोटो सुरेख आले. मग मुहूर्ताची वेळ झाली. गुरुजी, अंतरपाट धरणारे दोघं, नवरा, नवरीच्या पाठीशी मामा, दोन्हीकडे करवल्या, व्हिडिओवाल्याचा लाइट. मंगलाष्टका सुरू झाल्या तशी मंडळी अक्षता घेऊन स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली. फ्रेम हवी होती ती नवरा-नवरी दोघं आणि मध्ये अंतरपाट. त्यासाठी त्याला ११ मीटर मागे जायला हवं होतं. पाच मीटरवर खांब आणि खुर्च्या, आणि त्याहून मागे गेलं की समोर नुसती डोकी.

शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली आला, त्या क्षणाचा त्याच्याकडे एकच फोटो आहे. नवरीचा निम्मा चेहरा आणि त्याच्यापुढे अक्षता टाकणारा कुणाचा तरी हात. माळा घालतानाच्या फोटोत नवरी आहे, नवऱ्याचं मनगट आहे, नवरा नाही. पंगत बसली तेव्हा मला फोन आला. ‘दादा, मागे जायला जागाच नाहीये.’ मी म्हटलं, ‘अरे, मग किट लेन्स लाव ना.’ पलीकडून बराच वेळ काही उत्तर नाही. मग म्हणाला, ‘विकली.’ मी माझी जुनी १८-५५ किट लेन्स घेऊन गेलो, म्हणून दोन्ही घरांचे ग्रुप आणि पाठवणी तरी पदरात पडली. अंतरपाट काही पुन्हा धरत नाहीत. नवरीच्या आईने अल्बम बघताना तेच पान शोधलं, आणि त्या मुलाकडे द्यायला उत्तर नव्हतं. कष्टात तो कमी पडला नव्हता. जागेचा विचार त्याने केलेला नव्हता, एवढंच.

जे फोटो आले त्यातही आणखी एक घोटाळा होता. लेन्स एफ/१.८ ची आहे, म्हणून दिवसभर अ‍ॅपर्चर १.८ वरच. क्रॉप बॉडीवर ८५ मिमी, एफ/१.८, माणूस दोन मीटरवर असेल तर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम ४ सेंटिमीटर मिळते. एफ/४ वर तीच साधारण ९ होते. त्याच्या क्लोजअपमध्ये नथीचा मोती न् मोती मोजता येत होता आणि डोळे मऊ, म्हणजे धूसर. नथ आणि मुंडावळ्या चेहऱ्याच्या पुढे असतात, फोकस आधी त्यांच्यावर जाऊन बसतो. लग्नातल्या क्लोजअपला मी स्वतः एफ/२.८ च्या खाली क्वचितच जातो आणि फोकस पॉइंट कॅमेऱ्याकडे जास्त असलेल्या डोळ्यावर हाताने नेऊन ठेवतो. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर उत्तमच, पण नथ घातलेल्या चेहऱ्यावर तो एकदा घरी तपासून घ्या.

उपाय म्हणून माझी सवय सांगतो. नवी प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेण्याआधी झूमच्या रिंगवर कागदी टेप लावायची. ३५ वर रिंग ठेवली की टेप, आणि महिनाभर ती काढायची नाही. पुढच्या महिन्यात ५०. ८५ घ्यायची असेल तर कुणाची तरी ७०-३०० मागून आणायची आणि ८५ वर टेप. घरात, गल्लीत, भाजी मंडईत, नातेवाइकांच्या कार्यक्रमात तेवढ्यावरच काम करायचं. कुठल्या आकड्यावर आपले पाय आपोआप योग्य जागी जाऊन थांबतात, हे त्या महिन्यात कळतं. आवडती लेन्स अशी सापडते. एक महिना थांबायची तयारी नसलेली मुलं वर्षभरात तीन लेन्स विकत घेतात आणि तीन तोट्यात विकतात, हे मी बघत आलोय. आणि कार्यालय अनोळखी असेल तर मी आदल्या दिवशी जाऊन स्टेजपासून मागच्या भिंतीपर्यंत पावलं मोजून येतो.

क्रॉप बॉडीवर पहिली प्राइम कोणती, असं अगदीच खनपटीला बसलात तर माझं उत्तर ३५ मिमी एफ/१.८. तुम्हाला ८५ च हवी असेल तर जरूर घ्या, पण किट लेन्स विकू नका. विकून फार थोडे पैसे येतात, आणि एफ/८ वर दिवसाउजेडी ती लेन्स छान काम करते.

दुसऱ्याची आवडती लेन्स आपली समजणं

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर मुख्यतः ५० मिमीवर काम करत राहिले, हे वाचून पुष्कळ जण ५० घेतात. पण त्यांचा लायका ३५ मिमी फिल्मचा, म्हणजे आजच्या भाषेत फुल फ्रेम. तसंच दृश्य क्रॉप बॉडीवर हवं असेल तर ३३-३५ च्या आसपासची लेन्स लागते. क्रॉपवर ५० लावली की ती ७५-८० सारखी वागते आणि रस्त्यावर फोटो काढणारा पलीकडच्या फुटपाथवर ढकलला जातो. ५० वाईट नाही. स्वस्त आहे, हलकी आहे, आणि एफ/१.८ वर ती किट लेन्सच्या ५५ मिमी, एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटला तर फारच छान. पण ती कशासाठी घेतोय, ते माहीत हवं.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावर केलेलं काम बघा. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नाही. त्यामुळे कुठे उभं राहायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवलेलं त्यांच्या फ्रेममध्ये दिसतं.

दुसऱ्यांचे फोटो बघण्याआधी स्वतःचे बघा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर असतो, त्यात फोकल लेन्थ निवडली की कुठल्या आकड्यावर किती फोटो काढलेत ते समोर येतं. एक जण गडकिल्ल्यांसाठी वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स घ्यायला निघालेला. त्याचे वर्षभराचे फोटो असे लावून बघितले तर निम्म्याहून जास्त ५५ वर, आणि त्यात किल्ला कमी, गडावर ताक विकणाऱ्या मावशी आणि बरोबरचे मित्र जास्त. त्याला वाइड नकोच होती.

माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी) बसला म्हणजे लेन्स चालली, असं समजणं

जुनी निकॉन ५० मिमी एफ/१.८ डी स्वस्तात मिळते म्हणून घेतात आणि डी३४०० किंवा डी५६०० ला लावतात. बसते व्यवस्थित, ऑटोफोकस होत नाही, कारण या लेन्समध्ये मोटर नाही आणि त्या बॉडीतही नाही. निकॉनची एएफ-एस (आत मोटर असलेली) लेन्स घ्या, किंवा मोटर असलेली डी७००० मालिकेतली बॉडी हवी. उलट बाजूने, नव्या एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० वर फोकस करत नाहीत. निकॉनचा मिररलेस झेड कॅमेरा घेऊन त्याला जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे डी लेन्सला ऑटोफोकस मिळत नाही. कॅननची क्रॉप बॉडीसाठीची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरला बसतच नाही. पैसे देण्याआधी स्वतःची बॉडी घेऊन दुकानात जा आणि लावून बघा.

एका सफारीवरून १५०-६०० घेणं

ताडोब्याहून परतल्यावर आठ दिवस कुठलीही लेन्स घेऊ नका. तिथे वाघ जिप्सीच्या शेजारून चालत गेला तर ६०० वर नुसता कान येतो. दूर असला आणि दुपार तापलेली असली तर हवाच हलत असते, तिथे कितीही महाग काच लावा. अशी लेन्स भाड्याने घ्या, भिगवणला बोटीत बसून दिवसभर हातात धरा, खांदे काय म्हणतात ते बघा आणि मग ठरवा.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्याची हालचाल नाही. ढोल-ताशा पथकाच्या टिपऱ्या थांबवायच्या तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवानच लागतं.

स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा, समयांच्या फोटोत हिरवे ठिपके येतात ते बहुतेकदा त्याचेच. हुड (लेन्सपुढे लावायची उजेड अडवणारी कडी) उलटा लावून फिरू नका.

जपून ठेवायची म्हणून कपाटात कोंडणं, आणि तसली लेन्स विकत घेणं

रत्नागिरीचे एक परिचित. त्यांची ७०-३०० अगदी जिवापाड जपलेली, चामड्याच्या केसमध्ये, लोखंडी कपाटात, शालींच्या घडीत. जूनमध्ये ठेवली ती गणपतीला बाहेर काढली. मी टॉर्च मारून बघितलं तर मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. फंगस. साफ करून घेतली, पण कोटिंगवर खुणा राहिल्या, आणि आता उजेडाकडे तोंड केलं की सगळा फोटो दुधाळ येतो. लेन्स वापरात असती तर वाचली असती. अंधार, दमट हवा आणि ओल धरणारं चामडं, बुरशीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

कोकण-मुंबईकडच्या पावसाळ्यात माझी पद्धत साधी आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं, किंवा नारिंगी हिरवं झालं, की गरम करून ते पुन्हा कोरडं करायचं. डांबरगोळ्या कदापि नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी ड्राय कॅबिनेट घ्यावं. आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक लेन्स बाहेर काढून चार फोटो काढायचे.

सेकंडहँड घेताना मी दिवसाच भेटतो. पुढची-मागची टोपी काढायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं, मग उलट बाजूने. धुळीचे चार कण असले तरी चालतील, तंतू किंवा धुरकट डाग दिसला तर न घेता घरी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, झूम रिंग कुठे अडकते का, फोकस करताना खरखर येते का, सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का, हे सगळं तिथेच बघायचं. ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय, लवकर सांगा’ असं म्हणणाऱ्याकडून मी आजवर काही घेतलेलं नाही.

नवी लेन्स आली की थेट कामावर नेणं

नवी म्हणजे निर्दोष, असं नसतं. काचेचा एखादा भाग किंचित सरकलेला असला की फोटोची एक बाजू मऊ येते, आणि ते मोठ्या ग्रुपमध्ये कडेच्या आत्याच्या चेहऱ्यावर उघडं पडतं. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावा, आणि सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरपासून एफ/८ पर्यंत एकेक फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतली अक्षरं शंभर टक्के मोठी करून एकमेकांशी ताडून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच, पण चारही सारखेच मऊ हवेत. एकच कोपरा वेगळा दिसला तर फोटो पेनड्राइव्हवर टाका, बिल घ्या आणि लगेच दुकानात जा. बदलून मिळायची मुदत थोड्याच दिवसांची असते.