तळाला गेलेला फॅन्टसी बास्केटबॉल संघ पुन्हा कसा उभा करावा

फॅन्टसी बास्केटबॉलमध्ये आपण एनबीएतले (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खरे खेळाडू निवडून संघ बनवतो, आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपला संघ जिंकतो किंवा हरतो. सलग तीन-चार आठवडे हरलं की हात शिवशिवायला लागतात. अर्धा संघ सोडून द्यावा, एखादा मोठा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करावा, काहीतरी हलवावं असं वाटतं. त्याआधी एक संध्याकाळ नुसत्या हिशेबाला द्या. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो आणि प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. डिसेंबरात तळाला असलेल्या संघाकडे सावरायला पुरेसा वेळ असतो, फक्त तो घाबरून वाया घालवायचा नाही.

पुढचं सगळं मुख्यतः नऊ कॅटेगरींच्या हेड-टू-हेड लीगसाठी आहे, म्हणजे जिथे दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर, फील्ड गोल टक्केवारी, फ्री थ्रो टक्केवारी आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं) अशा नऊ आकड्यांत लढत होते. तुमची लीग पॉइंट्सवर चालत असेल, म्हणजे सगळ्या आकड्यांचे मिळून एकच गुण धरत असेल, तर दुसरी पायरी सोडून बाकीचं वाचा.

पहिली पायरी : आजार नेमका कोणता ते ओळखा

वाईट खेळणं आणि वाईट नशीब यांत फरक आहे, आणि तो मिनिटांच्या रकान्यात दिसतो. एखादा शूटर एरवी ३८ टक्के थ्री-पॉइंटर टाकतो आणि गेला महिनाभर २९ वर अडकलाय. त्याची मिनिटं आणि शॉट्सची संख्या पूर्वीइतकीच असेल तर त्याला हात लावू नका, बहुतेक वेळा टक्केवारी मूळपदावर येते. पण ३२ मिनिटं खेळणारा २४ वर आला असेल, शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकावर बसत असेल, तर कोचने निर्णय घेतलेला आहे. त्याचं नाव कितीही मोठं असो, वाट बघण्यात अर्थ नाही.

मग प्रत्येक कॅटेगरीत तुमचा संघ लीगमध्ये कितवा आहे ते कागदावर मांडा. तळाच्या बहुतेक संघांचं चित्र सारखंच निघतं: सगळीकडे सहावा, सातवा, आठवा. कुठेच भयंकर नाही आणि कुठेच धाक नाही. असा संघ दर आठवड्याला ४-५ किंवा ३-६ ने हरतो.

दुसरी पायरी : काय हरायचं ते ठरवा

संघाची खरी पुनर्बांधणी इथेच होते. आठवडा जिंकायला नऊपैकी पाच कॅटेगरी पुरतात. म्हणजे दोन, फार तर तीन कॅटेगरी जाणूनबुजून सोडता येतात. याला पंट करणं म्हणतात. कॅटेगरी सोडली की तिच्यात कमजोर असलेले खेळाडू तुमच्यासाठी अचानक मोलाचे होतात, आणि इतरांसाठी ते तितके मोलाचे नसतात. सगळा फायदा या फरकात आहे.

एनबीएतला स्टार यानिस अँटेटोकुंपोचं उदाहरण घ्या. २०२३-२४ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सुमारे ११ फ्री थ्रो घेतले आणि त्यातले जेमतेम ६६ टक्के आत गेले. टक्केवारीच्या कॅटेगरीत प्रयत्नांची संख्या किती भारी पडते ते आकड्यांत बघा. समजा तुमच्या बाकीच्या संघाने आठवड्यात ९० पैकी ७२ फ्री थ्रो टाकले, म्हणजे ८० टक्के. त्यात ४० पैकी २६ टाकणारा एकच खेळाडू मिसळला की बेरीज १३० पैकी ९८ होते आणि टक्केवारी ७५ वर उतरते. याउलट, ८ पैकी ४ टाकणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) टक्केवारीने त्याच्याहून वाईट असूनही संघाला साडेसत्त्याहत्तरपर्यंतच खाली आणतो. म्हणून खेळाडूची नुसती टक्केवारी बघून घाबरू नका, प्रयत्न किती ते बघा. आणि यानिससारखा खेळाडू संघात असेल तर फ्री थ्रो सोडून द्या. मग रिबाउंड, ब्लॉक, फील्ड गोल टक्केवारी यांच्यात दमदार पण फ्री थ्रोत कच्चे असलेले मोठे खेळाडू गोळा करा.

कोणती कॅटेगरी सोडायची हे आवडीवर ठरत नाही, तुमचा सर्वोत्तम खेळाडू कशात कमी आहे त्यावर ठरतं. टर्नओव्हर सोडणं सगळ्यात सोपं, कारण बॉल ज्यांच्या हातात असतो तेच तो गमावतात आणि तेच असिस्ट आणि पॉइंट्सही आणतात. ब्लॉक सोडणं मात्र मला सहसा पटत नाही. चांगले ब्लॉक करणारे सेंटर रिबाउंड आणि फील्ड गोल टक्केवारीही आणतात, त्यामुळे एक सोडायला जावं तर तीन जातात.

तिसरी पायरी : ट्रेड

आता तुम्हाला काय विकायचं ते कळलंय: सोडलेल्या कॅटेगरीत ज्यांची सगळी किंमत आहे ते खेळाडू. ते ज्या ओनरला (लीगमधल्या दुसऱ्या संघाच्या मालकाला) हवेत त्यालाच विचारा. प्रस्तावासोबत दोन ओळी लिहा, 'तू स्टील्समध्ये दहावा आहेस, हा तुला आठव्यापर्यंत नेईल' अशा. दहा-बारा संघांच्या लीगमध्ये दोन बरे खेळाडू देऊन एक उत्तम घ्या, कारण रिकामी झालेली जागा वेव्हरवरून, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंमधून, भरता येते. सोळा-अठरा संघांच्या लीगमध्ये हेच गणित उलटतं, तिथे वेव्हरवर काहीच उरलेलं नसतं.

चौथी पायरी : वेव्हर

वेव्हरवर पॉइंट्स शोधू नका, मिनिटं शोधा. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला डॅलसचा लुका डॉन्चिच लेकर्सकडे आणि लेकर्सचा अँथनी डेव्हिस डॅलसकडे गेला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या दोघांवर होतं. पण डेव्हिस गेल्यावर लेकर्सकडे पहिल्या पसंतीचा सेंटर उरला नव्हता. त्यांनी शार्लट संघाकडून सेंटर मार्क विल्यम्स मिळवला, मग वैद्यकीय तपासणीनंतर तो सौदा रद्द झाला, आणि त्यांचा आधीचाच सेंटर जॅक्सन हेझ सुरुवातीच्या पाचांत टिकला. अशा बातम्यांमध्ये 'कोण आला' यापेक्षा 'कोणाची जागा रिकामी झाली' हा प्रश्न आधी विचारा.

रोस्टरच्या (तुमच्या संघाच्या यादीतल्या) शेवटच्या दोन जागा कायम फिरत्या ठेवा. आठवड्यात चार सामने असलेला आणि सरासरी १२ पॉइंट्सचा खेळाडू ४८ देतो, दोनच सामने असलेला २० सरासरीचा खेळाडू ४० देतो. त्यातही कमी सामन्यांचे दिवस बघा. ज्या दिवशी बहुतेक सगळे संघ खेळतात त्या दिवशी खेळवायच्या जागा ठरावीक असल्याने तुमचेच चांगले खेळाडू बेंचवर अडकतात. मोजके सामने असलेल्या दिवशी खेळणारा साधा खेळाडूही पूर्ण कामी येतो.

पाचवी पायरी : जखमी खेळाडू

जखमींची राखीव जागा रिकामी ठेवू नका. पण परतण्याची तारीख नसलेल्या खेळाडूसाठी चालू जागा अडवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये खांद्यात रक्ताची गुठळी निघाल्यावर स्टार खेळाडू व्हिक्टर वेम्बन्यामाचा हंगाम तिथेच संपला. फक्त त्या हंगामापुरत्या असलेल्या लीगमध्ये त्याला सोडण्यावाचून इलाज नव्हता, हे कितीही जिवावर आलं तरी.

सहावी पायरी : मार्चची तयारी जानेवारीत

तुमच्या लीगची ट्रेडची शेवटची तारीख आजच बघून ठेवा. फॅन्टसी प्लेऑफ (शेवटची बाद फेरी) साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात, आणि तेव्हाच एनबीएतले तळाचे संघ अनुभवी खेळाडूंना बसवून तरुणांना मिनिटं देतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता वाढवण्यातही त्यांचं हित असतं. म्हणून हरणाऱ्या संघातला तिशी ओलांडलेला स्टार जानेवारीत विका, त्याच संघातला विशीतला गार्ड फेब्रुवारीत उचला.

पुढच्या वर्षी खेळाडू राखता येणारी लीग असेल आणि प्लेऑफ हाताबाहेर गेले असतील, तर हाच सौदा आणखी मोठा करा. अव्वल संघांना आत्ता जिंकायचं असतं, ते अनुभवी खेळाडूसाठी तरुण खेळाडू आणि वरच्या फेरीचा ड्राफ्ट पिक द्यायला तयार होतात. एकाच ओनरशी बोलत बसू नका. पहिल्या दोघा-तिघांना एकाच दिवशी विचारा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे तो खेळाडू जाईल या धास्तीने त्यांचे प्रस्ताव वाढतात.